ऐकणारीं शिल्पें

मूर्ति स्थिर असावी आणि हिंडावें तें पाहणारानें, हा संकेत इतका जुना आहे कीं तो संकेत आहे याचेंही आपणांस स्मरण राहत नाहीं. दगडाची मूर्ति आपल्या येण्याजाण्याची दखल घेत नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांहीं शिल्पकारांनीं हा संकेत मोडला. त्यांच्या एका गाजलेल्या प्रदर्शनाची हकीकत आज सांगावयाची आहे.

लंडन येथील 'इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्स' या संस्थेंत २ ऑगस्ट १९६८ रोजीं 'सायबरनेटिक सेरेंडिपिटी' हें प्रदर्शन उघडलें व तें २० ऑक्टोबरपर्यंत चाललें. योजना यासिया रायकार्ट या विदुषींची होती. नांवांतील पहिला शब्द अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनर यांनीं १९४८ मध्यें रूढ केला. त्याच्या मुळाशीं सुकाणू धरणारा, या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. दुसऱ्या शब्दाचें माहेर मात्र आपल्या शेजारचेंच. सिंहलद्वीपाच्या 'सेरेंदीब' या जुन्या नांवावरून होरेस वॉल्पोल यांनीं तो १७५४ मध्यें बनविला. शोधीत नसतां एखादी चांगली वस्तु अवचित हातीं लागणें, हा त्याचा अर्थ.

येथें कलावंतांच्या शेजारीं अभियंते व गणिती यांच्या कृति मांडल्या होत्या. गॉर्डन पास्क यांनीं पांच हलते आकार टांगले होते. दोन पुरुष, तीन स्त्रिया. पुरुष प्रकाशाचा झोत टाकीत आणि स्त्रिया आरशानें तो परतवीत. प्रेक्षकासही हातांत बत्ती किंवा आरसा घेऊन त्या संवादांत शिरतां येई.

सर्वांत विलक्षण होतें एडवर्ड इह्नाटोविच यांचें 'सॅम'. पोलंडांत १९२६ मध्यें जन्मलेले हे शिल्पकार महायुद्धामुळें निर्वासित होऊन इंग्लंडांत आले होते. मणक्यांसारखा ॲल्युमिनियमचा कणा, त्यावर फुलासारखें मस्तक आणि त्यांत चार मायक्रोफोन. आवाज जिकडून येई तिकडे तेलाच्या दाबानें हा कणा वळे. गलबल्याकडे तो लक्ष देत नसे. हळू आणि सलग आवाजच त्याला मानवे. लोक बराच वेळ त्याच्यापुढें उभे राहून आपला स्वर जुळवून पाहत.

पुढें याच शिल्पकाराकडून फिलिप्स कंपनीनें हॉलंडांतील आइंडहोवेन येथील आपल्या 'एव्होल्युऑन' प्रदर्शनगृहासाठीं १९७० मध्यें 'सेन्स्टर' करवून घेतलें. पोलादी नळ्यांचें, पंधरा फुटांहून लांब असें तें धूड संगणकाच्या आज्ञेनें हले. हळू बोललें कीं मान पुढें करी. ओरडलें कीं अंग चोरून मागें सरे.

वर्गांत जन्म घालविलेल्या मास्तराला यांतली खूण चटकन् पटते. यंत्राला ठाऊक होते ते चारदोन नियम. शिकत होता तो प्रेक्षक. आवाज चढवून कांहीं साधत नाहीं, हें कोणीं न सांगतां त्याला उमगे. कारेल चापेक यांच्या १९२० मधील नाटकामुळें जगभर झालेला 'रोबोट' हा शब्द वेठबिगार या अर्थाच्या चेक शब्दावरून आला आहे. येथें मात्र यंत्र वेठीला धरलेलें नव्हतें. उलट तेंच माणसाकडून सौजन्याची अपेक्षा करीत होतें.

परंतु अशा शिल्पाचें आयुष्य नाजूक असतें. १९७४ मध्यें सेन्स्टर उतरविलें गेलें आणि त्याचा सांगाडा कित्येक वर्षें उघड्यावर पडून राहिला. अखेर २०१७ मध्यें क्राकोव येथील एका विद्यापीठानें तो मिळवून पुढें पुन्हां हलता केला. दगडी मूर्तीचा हात तुटला तरी ती मूर्तीच राहते. ऐकणाऱ्या शिल्पाचें ऐकणें थांबलें कीं उरतें तें केवळ लोखंड. म्हणून अशा कृतींचा वारसा जपावयाचा तर वस्तु सांभाळून भागणार नाहीं. तिचें वागणेंही सांभाळलें पाहिजे, आणि तें जाणणारीं माणसेंही.