कॉन्ट्रा, धबधबा आणि लोडशेडिंग

परवा रविवारी लॅपटॉपवर एम्युलेटर टाकून 'कॉन्ट्रा' खेळलो. अर्धा तास गेला, पण मजा काही आली नाही. मग का आली नाही याचा विचार करत बसलो.

२००६ च्या उन्हाळ्यात लातूरहून नांदेडला मामाकडे गेलो, तेव्हा मामेभावाकडे, म्हणजे दादाकडे, नवाकोरा टीव्ही गेम आला होता. वजिराबादमधून आणलेला. (आम्ही 'कन्सोल' कधी म्हटलंच नाही.) नवाकोरा कसला, ती निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. फॅमिकॉम जपानात आला जुलै १९८३ मध्ये, आणि २००३ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन बंदसुद्धा केलं. तिकडे दुकान आवरल्यावर तीन वर्षांनी आमच्याकडे उद्घाटन :)

कॅसेटवर छापलेलं '९९९९९९९ इन १'. प्रत्यक्षात दहा-बाराच गेम, तेच ते नाव बदलून. अस्सल कॅसेट आमच्यातल्या कुणी पाहिलीही नव्हती. आज मी लायसन्सच्या सॉफ्टवेअरवर पोट भरतो, पण सुरुवात अशी चोरीच्या मालावर झाली, हे कबूल करायला हवं.

इंजिनीअर झाल्यावर कळलं की त्या मशीनची मूळ रॅम फक्त २ केबी. अख्खा 'सुपर मारिओ' ४० केबी, 'कॉन्ट्रा' १२८. स्क्रीनवर गर्दी झाली की माणसं लुकलुकायची, आणि आम्ही कॅसेट काढून फुंकर मारायचो. खरं कारण म्हणजे एका आडव्या रेषेत ८ च स्प्राइट दाखवता यायचे. फुंकरीचा काडीचा उपयोग नव्हता.

जुने गेम अवघड म्हणून भारी, असं बरेच जण म्हणतात. मला नाही पटत. जागा कमी म्हणून गेम छोटा, आणि छोटा गेम तासाभरात संपू नये म्हणून अवघड, एवढं साधं गणित आहे. तीस लाइफचा तो वर-वर-खाली-खालीवाला कोड कोनामीच्या हाशिमोतोने आधी 'ग्रेडियस'साठी (१९८६) टाकला, कारण टेस्टिंग करताना त्याला स्वतःलाच तो गेम झेपेना!

मजा होती ती दोघांत. तिसऱ्या लेव्हलला धबधबा. एक जण वर चढला की स्क्रीन वर सरकायची आणि खाली राहिलेला मरायचा. मी भराभर चढायचो. "अरे थांब की, मी मराल्लो!" दादा ओरडायचा. माझ्या लाइफ संपल्या की बटण दाबून त्याच्याच उसन्या घ्यायचो. तो कधी नाही म्हणाला नाही. गेम सेव्ह व्हायचा नाही, त्यामुळे लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. आणि त्या वर्षी लाइट कधी जात नव्हती?

पुढे दहावी, लातूर पॅटर्न, मग पुणे. दादा नांदेडलाच राहिला, दुकान बघतो.

रात्री त्याला फोन केला. म्हणाला, सेट माळ्यावर आहे, पण ती बदकं मारायची बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही. म्हटलं, तिला पिक्चर ट्यूबवालाच टीव्ही लागतो.

"मग जुना उगाच भंगारात दिला की," म्हणाला. "दिवाळीला ये, कॉन्ट्रा चालतो का बघू."