जुनी विंडोज, नवे यंत्र

शाळेचा संगणक बिघडला, हार्डडिस्क मात्र शाबूत आहे. ती नव्या यंत्रात बसवली की काम भागेल, असे आपल्याला वाटते. २००१ च्या विंडोज एक्सपीत मात्र अनेकदा निळा पडदाच दिसे. असे का व्हावे?

१९९३ च्या विंडोज एनटीत हार्डवेअरशी बोलणारा थर वेगळा काढला होता; पण तो स्थापनेच्या वेळीच त्या यंत्रापुरता निवडला जाई. नव्या डिस्क-नियंत्रकाचा ड्रायव्हर आधी नोंदलेला नसला, तर विंडोजला स्वतःच्याच फायली वाचता येत नसत. जणू किल्ली कुलूपबंद पेटीतच राहिली! २०१२ च्या ‘विंडोज टू गो’मध्ये मात्र एकच विंडोज यूएसबीवरून वेगवेगळ्या संगणकांवर चाले.

म्हणून निळा पडदा दिसताच डिस्क पुसू नये. ती दुसऱ्या चालू संगणकाला जोडून पाहावी. मुलांचे निकाल बहुधा तिथेच सुखरूप असतात.