मँगनीजची खाण आणि वरच्या खुर्च्या

मंडळी, कंपनीच्या वरच्या खुर्च्यांवर वेगवेगळी माणसं बसली की नवीन कल्पना सुचतात, धंदा वाढतो, असं मॅनेजमेंटवाले सांगतात. मॅकिन्झीचे अहवालही तेच म्हणतात. 2024 मध्ये दोन अभ्यासकांनी ते गणित अमेरिकन कंपन्यांवर करून पाहिलं, जुळलं नाही. म्हणून आकडे सोडून मी आपल्या तुमसर तालुक्याचीच गोष्ट सांगतो.

इथलं मँगनीज 1896 ला सुरू झालेल्या एका ब्रिटिश कंपनीच्या, म्हणजे सीपीएमओच्या हातात होतं. साहेबांना पोलादासाठी दगड हवा होता, तो रेल्वेने बंदरावर पोचत होता. इथे त्याचं आणखी काही करावं, असं विचारणारं वर कोण होतं? 1962 साली मॉईल झाली. 51 टक्के हिस्सा केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा, 49 टक्के जुन्या कंपनीचा. 1977 मध्ये तोही सरकारने घेतला. पुढे डोंगरी बुजुर्गला बॅटरीच्या सेलमध्ये लागणारं मँगनीज डायऑक्साइड बनवायचा कारखाना उभा राहिला, तोही देशी तंत्रज्ञानावर. फक्त खुर्च्या बदलल्या म्हणून हे झालं असं नाही, बाजारही बदलला होता. पण कच्चा दगड पाठवण्यापलीकडचा विचार इथली माणसं वर आल्यावरच झाला, हे खरं.

बायांचं मात्र वेगळंच. ब्रिटिशांच्या काळापासून त्यांनी या खाणींत दगड फोडला, निवडला, टोपल्यांनी वाहिला. अन् 1952 च्या खाण कायद्याचं कलम 46 काय म्हणत होतं? बाईने जमिनीखाली काम करायचं नाही! आपली चिखल्याची खाण भूमिगत. खाली उतरल्याशिवाय अनुभव नाही, अनुभवाशिवाय भूमिगत खाणीच्या मॅनेजरचं सर्टिफिकेट नाही. मग उत्पादनाच्या संचालकपदापर्यंत ती जाणार होती कशी? मजा बघा, 2013 चा कंपनी कायदा म्हणतो, शेअर बाजारातल्या कंपनीत एक तरी महिला संचालक पाहिजेच. एका कायद्याने वरचं दार उघडलं, दुसऱ्याने शिडी आधीच काढून ठेवलेली.

2019 मध्ये केंद्राने ही बंदी सैल केली. तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी, लेखी संमतीने, सकाळी 6 ते संध्याकाळी 7 बाई खाली उतरू शकेल, अशी ती सवलत होती. राजस्थानातल्या जस्ताच्या खाणीत महिला मॅनेजर झाल्याही. मॉईलमध्ये एचआरला महिला संचालक आल्या, चांगलंच झालं. माझी नजर मात्र उत्पादनाच्या खुर्चीवर आहे. कुठे खोदायचं, कोणती मशीन आणायची, हे तिथे ठरतं.

गोबरवाही, चिखला, डोंगरीकडे कुणाची आजी खाणीत दगड निवडायला जात असेल, तर तिने सांगितलेलं खाली नक्की लिहा.