धरण आणि कारंजी

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. देशाटनाची थोरवी सांगणारी आर्या आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केलेली असते. आणि दूरच्या बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे घरातील वडीलधारी माणसे तीच ऐकवून आपले समाधान करतात. परंतु नुसत्या जाण्याने मन विशाल होत असते, तर म्हैसुरात रोज उतरणाऱ्या हजारो प्रवाशांमुळे सारा देश एव्हाना ज्ञानी होऊन गेला असता. जाणे आणि शहाणे होणे यांच्या दरम्यान आणखी काही तरी लागते. ते कोणते, याचा शोध म्हैसूरच्या इतिहासात घेण्यासारखा आहे.

या मुलखात मराठी माणसे प्रथम मोठ्या संख्येने आली ती प्रवासी म्हणून नव्हे, फौजेबरोबर. मार्च १७७१ मध्ये त्रिंबकराव पेठे यांनी मोतीतलावाच्या लढाईत हैदरअलीचा पराभव केला आणि त्यापाठोपाठ जवळचे मेलुकोटे हे वैष्णवांचे क्षेत्र लुटले गेले. पुढे १७९१ त पटवर्धनांच्या फौजेबरोबर असलेल्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. त्या मठाच्या पुनःस्थापनेसाठी टिपूने साहाय्य धाडल्याची कन्नड पत्रे १९१६ त उजेडात आली. ती वाचताना मराठी वाचकाची मान खाली गेल्याशिवाय राहत नाही. वासुदेवशास्त्री खरे यांनी छापलेल्या पटवर्धन दप्तरात या मोहिमांची पत्रे आहेत. रसद, खंडणी आणि राजकारण यांचा त्यांत भरपूर तपशील आहे. हजारो माणसे पुण्या-मिरजेपासून कावेरीपर्यंत चालत आली आणि परत गेली; पण एवढ्या देशाटनाने कोणाचे मन विस्तारले, असे म्हणण्यास आधार सापडत नाही.

याचे एक कारण मला असे दिसते की, फौजेला येथल्या कोणाचे मिंधे व्हावे लागत नव्हते. मराठ्यांच्या छावणीबरोबर त्यांचा स्वतःचा बाजार चाले. तो इतका भरलेला असे की, मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणापुढून उपाशीपोटी माघार घेणारी कॉर्नवॉलिसची फौज याच बाजारातील धान्यावर सावरली. जो आपला बाजार, आपली भाषा आणि आपली माणसे बरोबर घेऊन फिरतो, त्याला वाटेवरच्या गावाला काही विचारण्याचे प्रयोजन उरत नाही.

आता याच्या उलट असलेला एक प्रवास पाहू. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे म्हैसूर संस्थानचे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून स्थापत्यशास्त्राची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून लागले. नाशिकला त्यांची नेमणूक झाली. खानदेशात पांझरेवरील नळाच्या कामावर त्यांनी पावसापाण्याशी झगडा केला. पुढे ते रानडे-गोखल्यांच्या पुण्यात आले. आपल्याप्रमाणेच ते परमुलखात नेमणुकीवर गेलेले सरकारी नोकर होते. नीरा कालव्यावर पाण्याची नासाडी थांबावी म्हणून त्यांनी पाळीने पाणी देण्याची ‘ब्लॉक’ पद्धत सुचविली, तेव्हा शेतकऱ्यांनी प्रथम विरोध केला. त्यांचे ऐकून घेणे, त्यांना आकडे समजावून सांगणे आणि त्यांच्या शंकांना उत्तर देणे हे त्यांना भाग पडले. १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसविले. भिंत न उंचावता तळ्यात अधिक पाणी साठू लागले. मध्यंतरी १८९८ मध्ये त्यांनी जपानचा प्रवास केला, तोही तेथील शाळा आणि कारखाने यांचा अभ्यास करण्यासाठी.

१९०९ मध्ये ते मुख्य अभियंता म्हणून म्हैसुरास परतले. १९११ मध्ये कन्नंबाडीजवळ कावेरीवर धरणाचे काम सुरू झाले, १९१२ ते १९१८ पर्यंत ते संस्थानचे दिवाण होते, आणि मद्रास सरकारशी चाललेला पाण्याचा तंटा १९२४ च्या कराराने मिटल्यावर १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत कृष्णराजसागर पुरा झाला. सिमेंटऐवजी सुरकीत बांधलेल्या या धरणावर खडकवासल्याच्याच जातीचे दरवाजे बसले. एका अर्थी मुठेच्या काठी झालेले शिक्षण कावेरीच्या काठी फळास आले. धरणाच्या कालव्यांनी मंड्याच्या कोरड्या माळाचा ऊस झाला आणि १९३३ मध्ये तेथे साखर कारखाना निघाला. चोवीस वर्षे परमुलखाची सेवा केलेल्या माणसाचे देशाटन हे असे दिसते.

त्याच धरणाच्या पायथ्याशी दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या कारकीर्दीत वृंदावन उद्यान तयार झाले. रंगीत दिव्यांच्या प्रकाशात नाचणारी कारंजी पाहण्यासाठी आज रोज संध्याकाळी गर्दी लोटते. बस थांबते, माणसे उतरतात, तासाभराने परत चढतात. ज्या भिंतीमागच्या पाण्यामुळे ती कारंजी उडतात, त्या भिंतीकडे बहुतेकांची पाठ असते. या जलाशयात जुने कन्नंबाडी गाव बुडाले आणि तेथील वेणुगोपाळस्वामींचे मंदिर पुढे काठावर नव्याने उभारावे लागले, हे विचारणाराही विरळा.

थव्याथव्याने हिंडण्याचा हा धंदा तसा अर्वाचीन आहे. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक या मद्यपाननिषेधाच्या प्रचारकाने सुमारे पाचशे माणसांना एका शिलिंगात लेस्टरहून लफबरोला आगगाडीने नेले, तेथपासून त्याचा आरंभ मानतात. म्हैसुरास १८८२ मध्ये आगगाडी आली. १८९७ मध्ये लाकडी राजवाडा जळाल्यावर हेन्री आयर्विन यांच्या आराखड्याने नवा राजवाडा १९१२ मध्ये पुरा झाला, आणि त्यावरील सुमारे लाखभर दिव्यांनी म्हैसूरला पाहुण्यांचे गाव करून टाकले. या गावात राहणाऱ्या आर. के. नारायण यांनी १९५८ च्या ‘द गाइड’ या कादंबरीत प्रवाशाला हवे तेच उत्तर देणारा राजू रंगविला, हा काही योगायोग नव्हे. प्रवासी घाईत असला म्हणजे त्याला खरे उत्तर नको असते, तयार उत्तर हवे असते.

या गर्दीला नुसती नावे ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. ज्या राजवाड्यात एके काळी मानकऱ्यांखेरीज कोणाचा पाय लागत नसे, तेथे आज सातारा-सोलापूरकडच्या खेड्यातील आजीबाई तिकीट काढून जातात, आणि आयुष्यात पहिल्यांदाच शिवेबाहेर पडलेली सून चामुंडीच्या पायऱ्यांवरून शहर न्याहाळते. टांगेवाले, उदबत्ती वळणाऱ्या बायका, रेशमाचे दुकानदार यांची चूल या वर्दळीवर पेटते. २०२० च्या साथीत दसऱ्याची जंबूसवारी राजवाड्याच्या आवारातच आटोपली, तेव्हा या लोकांचे कसे हाल झाले असतील याची कल्पना करता येते.

परंतु गर्दीचा भारही खरा आहे. २०२१ च्या पावसात चामुंडीच्या डोंगरावरील रस्ता खचला. तेथे रज्जुमार्ग करण्याच्या बेतास गावकऱ्यांनी वेळोवेळी हरकत घेतली आहे. २०२५ मध्ये कृष्णराजसागराच्या परिसरात मनोरंजन उद्यान आणि कावेरी आरती करण्याच्या योजनेस मंड्याच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. धरणाच्या सुरक्षिततेची त्यांना चिंता होती. पावसाळ्यात पाणी १२४.८० फुटांच्या खुणेपर्यंत चढले की नाही, हे येथील शेतकरी रोज वर्तमानपत्रात पाहतो. ज्याला प्रवासी देखावा म्हणतो, तो त्याच्या वर्षाच्या अन्नाचा प्रश्न आहे. वाद कारंज्यांचा नाही. धरण कोणाचे, हा आहे.

आणि आपण? केंद्र सरकारने १९५६ मध्ये आपल्या नोकरांना रजा प्रवास सवलत दिली. पुढे चार वर्षांतून एकदा भारतात कोठेही जाण्याची सोय झाली. कचेरीत अशी बिले तपासणे हे माझ्या कामांपैकी एक आहे. बिलाला तिकिटे जोडली म्हणजे प्रवास झाला हे सिद्ध होते. तेथे काय पाहिले, कोणाशी बोललात, हे विचारण्याचा रकाना त्या कागदात नाही, आणि नसावा हेच योग्य. तो रकाना ज्याचा त्याने भरायचा असतो. पण पुष्कळदा आपणही छावणीसारखेच फिरतो. बरोबर मराठी स्वयंपाकी असलेली सहल निवडतो, आपल्याच माणसांत जेवतो, आपल्याच भाषेत नवल करतो आणि परत येतो. एवढेच नव्हे, नेमणुकीच्या गावीही वर्षानुवर्षे अशाच छावणीत राहणारे आपल्यात आहेत. पाच वर्षे म्हैसुरात काढून भाजीवाल्याशी दोन वाक्ये कन्नडमध्ये न बोललेला मनुष्य येथे राहिला असे म्हणावे की नुसता थांबला, हा प्रश्न मी प्रथम स्वतःलाच विचारला आणि उत्तराने ओशाळलो.

देशाटनाने मन विस्तारते ते पाहिलेल्या स्थळांच्या संख्येने नव्हे. परक्या माणसापुढे आपण किती वेळा विद्यार्थी झालो, त्याला कितपत उत्तरदायी राहिलो, यावर ते अवलंबून आहे. यंदा दसऱ्याला गावाकडचे पाहुणे येतील, तेव्हा त्यांना कारंजी अवश्य दाखवावी. मात्र त्याच दिवशी सकाळी त्यांना कालव्याकाठाने मंड्याच्या बाजूला न्यावे, एखाद्या उसाच्या बांधावर उभे करावे आणि तेथल्या शेतकऱ्याला, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये का होईना, यंदा पाणी कसे आहे, एवढे विचारावे.