पाट्या वाचत शिकलेला कवी: वामनदादा कर्डक

नया नगरमधल्या आमच्या बचत गटात एक आपा अंगठा लावताना मान खाली घालतात. "आता या वयात काय शिकायचं?" म्हणतात. त्यांना मी वामनदादा कर्डकांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

वामनदादांचा जन्म १९२२ सालचा, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. गरिबीमुळे शाळा नाही. मुंबईत येऊन त्यांनी कोळसा उचलला, आईसफ्रूट विकलं. एकदा कुणीतरी पत्र वाचून द्यायला सांगितलं आणि वाचता येईना. त्यांना रडू कोसळलं. मग देहलवी मास्तरांकडे ते बाराखडी शिकले. जोडाक्षरं दुकानांच्या पाट्या वाचत वाचत पक्की केली.

१९४३ साली त्यांनी पहिलं गाणं लिहिलं, पुढे हजारो लिहिली. संसारात मात्र सुख नव्हतं. पहिली पत्नी सोडून गेली, लहानगी लेक गेली. ते दुःख पोटात घेऊन दादा गावोगाव हिंडले. बाबासाहेबांचा विचार सोप्या शब्दांत, ओठांवर बसेल अशा चालीत वस्तीवस्तीत पोचवला. ज्यांना पुस्तक वाचता येत नव्हतं, त्यांना गाणं पाठ झालं.

१५ मे २००४ रोजी दादा गेले. भीमजयंतीला त्यांची गाणी आजही घुमतात; गाणाऱ्या कितीजणींना ती कुणाची हे ठाऊक नसतं. म्हणून नाव सांगत जा.

आणि आमच्या आपा? मागच्या बैठकीत त्यांनी शाईचा डबा बाजूला सारला आणि पेन मागितलं.