पहिल्या धारेचं टेस्टिंग

मागच्या विकांताला एका मित्राकडे स्वस्तातली इटालियन वाइन उघडली. माँटेपुल्चानो द'अब्रुत्सो. (नाव धड उच्चारता आलं की निम्मे पैसे वसूल.) ग्लास देठाला धरायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, मग एक छोटा घोट तोंडात घोळवायचा. "चेरी येतेय ना?" "हो, आणि थोडी माती." सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. मीही हलवली.

पण मी पडलो देवरीचा. त्यामुळे मनात आलं, हे सगळं आमच्याकडेही चालतं की! फक्त ग्लासऐवजी पळसाच्या पानाचा द्रोण असतो, आणि कुणी त्याला टेस्टिंग म्हणत नाही.

देवरी म्हणजे गोंदिया जिल्ह्यात, नागपूर-रायपूर महामार्गावर, छत्तीसगडच्या सीमेजवळ. मार्च-एप्रिलमध्ये इथे पहाटे मोहफुलं गळतात. बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली. फुलं वाळवतात, काही खायला ठेवतात, काही व्यापाऱ्याला विकतात, आणि काही मडक्यात पाण्यात भिजत पडतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखरच असते, त्यामुळे काही दिवसांत ती आंबतात. मग चुलीवर भांडं चढवून वाफ थंड करायची. सुरुवातीला येते ती 'पहिल्या धारेची', सगळ्यात कडक. हा शब्द आपण पुण्या-मुंबईत ऑफिसातही वापरतो, पण त्यामागची भट्टी विसरून!

जाणकार माणूस द्रोण नाकाशी नेऊनच सांगतो की नवसागर पडलाय की नाही, धूर लागलाय की नाही, फुलं जुनी होती की यंदाची. चांगल्या मोहाला आधी गोडसर, जरा उग्र फुलाचा वास येतो आणि मागून चुलीचा. गोंड घरांत पिण्याआधी दोन थेंब जमिनीवर सांडतात, देवाचे आणि पूर्वजांचे. जन्म, लग्न, मरण, कशालाच त्याच्याशिवाय चालत नाही.

मग माझ्याच घरात मोहाचं नाव दबक्या आवाजात का घेतलं जायचं? याचं उत्तर चवीत नाही, महसुलात आहे.

इंग्रजांना दारूचं वावडं नव्हतं, बिनकराच्या दारूचं होतं. भट्ट्यांचे लिलाव करायचे, ठेके द्यायचे आणि घरी गाळणारा तो गुन्हेगार. मुंबई इलाख्यात तर 1892 साली खास मोहफुलांसाठी कायदा आला. ठाणे-कुलाब्यात नुसती फुलं बाळगण्यावरसुद्धा बंधनं! म्हणजे द्राक्षं घरात ठेवली म्हणून पकडण्यासारखंच. देवरी तेव्हा मध्य प्रांतात. 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1959 मध्ये 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आमच्याकडेही लागू झाला. त्यात मोहफुलं आहेतच. आमचं गाव जागचं हललं नाही, सीमा हलली.

आता एक तांत्रिक दुरुस्ती (सवय जात नाही). मोहाची तुलना वाइनशी करणं चूक आहे, कारण वाइन नुसती आंबवतात, मोह गाळतात. त्याचा खरा इटालियन भाऊ म्हणजे ग्राप्पा. वाइन काढल्यावर उरलेला द्राक्षांचा चोथा गाळून केलेली शेतकऱ्या-मजुरांची दारू, थंडीत अंग गरम करायला. भद्र लोक नाक मुरडायचे. 1973 साली फ्रिउलीमधल्या नोनिनो कुटुंबाने एकाच जातीच्या, पिकोलित द्राक्षाच्या चोथ्याची ग्राप्पा वेगळी गाळून सुंदर बाटलीत भरली. आज तीच ग्राप्पा महागड्या हॉटेलात जेवणानंतर येते. वाइनचंही तसंच. 1963 च्या कायद्याने इटलीने गावाचं नाव आणि बाटली यांची गाठ बांधली, म्हणून तर 'अब्रुत्सो' हे नाव मला पुण्यात वाचायला मिळालं.

आपल्याकडे काय झालं? 2001 साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, वाइनला सवलती मिळाल्या, नाशिक नावारूपाला आलं. छानच झालं. पण मोहफुलं गोळा करण्या-साठवण्या-वाहून नेण्यावरचे निर्बंध उठायला 2021 उजाडलं. घरी गाळणं अजूनही गुन्हाच.

इथे लगेच रोमँटिक व्हायची गरज नाही. शेजारच्या गडचिरोलीत 1993 ची दारूबंदी बायकांनी झगडून मिळवलेली आहे. दारूपायी घर कसं बसतं ते त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांच्यापुढे मोहाच्या सुगंधाचं कौतुक सांगायची माझी हिंमत नाही. आठवड्याला नवसागराची बाटली रिचवणं वेगळं आणि सणाचा द्रोण वेगळा, हे मला पटतं. पण हा फरक एखाद्या कायद्यात कसा लिहायचा, ते मला जमलेलं नाही.

गंमत अशी की 2022 पासून मध्य प्रदेश मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणतो. ज्या राज्यात देवरी 1956 पर्यंत होती, तेच! गोव्यातही 2018 पासून 'डेस्मंडजी' नावाची मोहाची बाटली मिळते.

असो. पुढच्या गोवा ट्रिपला ती आणायची असं मित्राने ठरवलंय. टेस्टिंग नोट्स मी लिहिणार आहे, आणि द्रोणही मीच आणणार आहे.