मोतान्का

युक्रेनी भाषेत बाहुलीला ‘ल्याल्का’ म्हणतात. परंतु नीपर नदीच्या मध्यखोऱ्यातील स्त्रिया घरच्या जुन्यापुराण्या वस्त्रांच्या चिंध्यांतून जी बाहुली घडवीत आल्या, तिला ‘मोतान्का’ हे निराळे नाव लाभले, आणि ते ‘मोताती’, म्हणजे गुंडाळणे, या क्रियापदापासून सिद्ध झाले आहे. या कसबाचा सारा दस्तूर त्या एका धातूत सामावला आहे: चिंधीची घट्ट सुरळी करून डोके साधावयाचे, त्यावर पांढरे फडके ताणून मानेशी दोऱ्याचे फेरे आवळावयाचे, मग घागरा, कंबरपट्टा आणि डोईचा रुमाल बांधावयाचा. सुईला मात्र सक्त मज्जाव. कारण बाहुलीला टोचले तर ती जिच्यासाठी केली तिलाच इजा होते, अशी समजूत. नाक-डोळे रेखीत नाहीत. त्या जागी पुष्कळदा रंगीत दोऱ्यांचा क्रूस असतो. या बाहुलीला हजारो वर्षांची प्राचीनता बहाल करणारे दावे मला मान्य नाहीत, कारण चिंधी मातीत टिकत नाही. हातांनी हातांना दिलेली ही विद्या त्या दाव्यांवाचूनही आदरास पात्र आहे.